देवणी बैल, चौथा प्रयत्न

मार्चमध्ये ब्लेंडर, म्हणजे संगणकावर त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं तेव्हा ठरवलं होतं, पोळ्यापर्यंत त्यात देवणी जातीचा एक बैल जमवायचा. आता जुलै निम्मा सरला. चौथ्या बैलावर काम चालू आहे. पहिले तिघं फोल्डरात पडून आहेत. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मित्राकडून अर्ध्या किमतीत घेतलेला पेन टॅबलेट आणि रात्रीचं जेवण झाल्यावर तास-दीड तास, एवढंच भांडवल.

पहिल्याची कथा बहुतेकांची असेल तीच. गोल घेतला, दोन दिवसांत डोकं-मान ओढून काढली आणि लगेच गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घड्या काढायला बसलो. क्रीज ब्रशनं, म्हणजे खाच पाडणाऱ्या हत्यारानं, एकेक सुरकुती. फेसेस, म्हणजे पृष्ठभागाचे बारीक तुकडे, अठरा लाखांवर गेले, पंखा गिरणीसारखा वाजायला लागला, आणि झूम मागं घेतला तर समोर भिजलेलं पोतं. घड्या सुंदर होत्या, त्यांच्या खाली जनावरच नव्हतं.

दुसरा घेऊन मामाकडं गेलो. मामा लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावाजवळच्या खेड्यात राहतात, दावणीला देवणी जोडी आहे. लॅपटॉप ओट्यावर उघडला. मामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "भाच्या, ह्येच्या पायाला काय झालंय रे? लंगडायलाय की."

पाय मी माणसाचे लावले होते. आपण बैलाच्या पुढच्या पायात ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. कोपर वर, छातीला चिकटून असतं. मागच्या पायात मागं निघालेला टोकदार सांधा म्हणजे टाच. खरा गुडघा पोटाच्या कडेला, कातड्याखाली. म्हणजे बैल बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि खूर ही त्याची नखं. हे एकदा डोक्यात बसलं की पाय चुकवणं अवघड आहे. मी आता आधी स्वतःचा हात टेबलावर बोटांच्या टोकांवर उभा करतो आणि मग आकार धरून ओढणारा ग्रॅब ब्रश उचलतो. घरचे हसतात, हसू देत.

त्याच दिवशी मामांनी माझा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला आणि बैलाला दोन पावलं चालवलं. हाताखाली फऱ्याचं हाड अख्खं सरकलं. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त मांसाच्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. माझ्या मॉडेलमध्ये खांदा म्हणजे पिंपाला ठोकलेला खांब होता. फोटो बघून हे कधीच कळलं नसतं.

तिसऱ्यात पाय बरोबर आले, खांदा आला. वशिंडही भरघोस काढलं, इंटरनेटवरच्या फोटोंबरहुकूम. मामा म्हणाले, "ह्यो बैल न्हाई, वळू हाय." फोटो प्रदर्शनातल्या वळूंचे होते. खच्ची केलेल्या बैलाचं वशिंड लहान राहतं, मानही तेवढी जाड होत नाही. वशिंड म्हणजे मांस आणि चरबी. आत हाडाचा उंचवटा नाही, पाठीचा कणा त्याच्या खालून जातो. म्हणून ते पाठीवर चिकटवल्यासारखं न करता मानेच्या मांसातून वर चढवत आणावं लागतं. नुसतं कमी करायला बसलो तर स्मूद ब्रशनं सगळी पाठच चपटी झाली. स्मूद आकार सारखा करतो तसा खाऊनही टाकतो, हे तेव्हा पटलं.

त्यात वोक्सेल रिमेशनं घोळ घातला. ही सोय सगळा पृष्ठभाग वोक्सेलच्या, म्हणजे बारीक घनाच्या, मापानं नव्यानं विणते. कंट्रोल-आर दाबलं आणि लोंबता कान मानेला जोडून बसला. दोन पृष्ठभागांमधली फट वोक्सेलपेक्षा बारीक असेल तर रिमेश ती बुजवतो. वोक्सेल लहान करावा म्हटलं तर आकार निम्मा केला की फेसेस साधारण चौपट होतात आणि माझा लॅपटॉप हात वर करतो. आता कान, शिंगं, डोळे वेगळ्या ऑब्जेक्टात ठेवतो. शेवटी जोडायचं तेव्हा जोडू. हा घोळ निस्तरत असतानाच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली, त्यामुळं दोन तासांचं काम गेलं. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी पुढचा आकडा देऊन नवी फाईल.

चौथ्यासाठी पद्धत बदलली. आधी आठवडाभर रोज फक्त वीस मिनिटांची डोकी केली. घड्याळ लावून, पाच हजार फेसेसच्या आत, ग्रॅब, मातीच्या पट्ट्यांसारखी भर घालणारा क्ले स्ट्रिप्स आणि स्मूद एवढे तीनच ब्रश. शेवटी शेडिंग फ्लॅट करून, म्हणजे उजेड-सावली काढून टाकून, रंग काळा करायचा आणि नुसती बाह्यरेषा बघायची. सातातली पाच डोकी म्हशीची निघाली. सहाव्याला रुंद कपाळ आणि शिंगामागून सुटलेला लोंबता कान काळ्या आकारातही ओळखू आला.

जातीतला प्रकारही बदलला. देवणीत तीन प्रकार सांगतात: वानेरा, बालंक्या, शेवरा. मी शेवऱ्याचे फोटो धरून बसलो होतो. त्याच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांमुळं सावली कुठली आणि ठिपका कुठला ते कळत नाही, आणि मी ठिपक्यांना खड्डे समजून कोरत होतो. वानेऱ्याचं अंग पांढरं, काळं फक्त तोंडाच्या बाजूंना. शिकणाऱ्यानं तोच घ्यावा. फोटोही मीच काढले, संध्याकाळी पाचनंतर, ऊन आडवं असताना. दुपारच्या उन्हात बैल कागदासारखा सपाट दिसतो.

सध्या धड, पाय, मान ठीक आहेत. साठ हजार फेसेसवर थांबलोय आणि घड्यांना अजून हात लावलेला नाही. डोळा मात्र अडला आहे. आत पूर्ण गोल ठेवून वर पापणीची जाडी चढवतो, पण बाहुली गोल केली की बैल माणसासारखा रोखून बघायला लागतो. गुरांची बाहुली आडवी असते. ती आडवी केली, तर आता तो झोपेत दिसतोय. वरची पापणी किती उतरवायची त्याचा अंदाज येत नाही. रविवारी मामाकडं जाऊन डोळ्याचेच फोटो काढून आणणार आहे, बैलानं उभं राहू दिलं तर.