पाणक्यांचा मेळावा

वडोदरा मॅरेथॉन झाली की दुसऱ्या रविवारी दांडिया बाजारात आमच्या मंडळाच्या सभागृहात, शर्यतीत धावणाऱ्यांना पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांचा मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, हिशेब हे सगळीकडे असतं तसंच. मी वाट बघते ती सरांच्या गोष्टीची आणि त्यानंतरच्या मनोगताची.

सर आमच्या पाण्याच्या टेबलाचे पहिल्यापासूनचे प्रमुख. माइक हातात आला की ते थेट अथेन्सला पोचतात. १८९६ सालचं ऑलिंपिक, मॅरेथॉन तेव्हा साधारण ४० किलोमीटरची, आजचं ४२.१९५ हे माप लंडनच्या १९०८च्या शर्यतीतलं. पहिला आला मारूसी गावचा स्पिरिदोन लुईस. हा करायचा काय? गावाकडचं पाणी अथेन्सला पोचवायचा. "म्हणजे पाणक्या!" सर म्हणतात, आणि मागच्या रांगेतली पोरंही मोबाइल खाली ठेवतात. गोष्ट मला तोंडपाठ आहे, तरी त्या एका शब्दाला घसा दाटतोच. मेळाव्याचं नावही त्यावरूनच पडलं.

मग मनोगत. ते पहिल्यांदाच पाणी द्यायला आलेल्याने करायचं, असा आमचा नियम. एका वर्षी कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. आली होती सर्टिफिकेटसाठी, हे तिनेच सांगितलं. पेला अर्धाच भरायचा, वरच्या काठाशी बोटांनी धरायचा, हात लांब करून धावणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची, सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडू नयेत म्हणून "आगळ पण पाणी छे" (पुढेही पाणी आहे) असं गुजरातीत ओरडत राहायचं, हे सगळं ती शिकली. पण पुढचे वेगवान धावपटू तिच्याकडे न बघताच पेला ओढून नेत. तिला वाईट वाटलं. पुढे ऊन चढलं, गर्दी सरली, आजूबाजूची टेबलं आवरायला लागली. शेवटचा माणूस जाईपर्यंत आपलं टेबल हलवायचं नाही, ही सरांची शिस्त, म्हणून ती थांबली. तेव्हा एक आजोबा पाय ओढत आले. पाणी प्यायले, मीठ-साखरेचं घेतलं, पेला स्वतः डब्यात टाकला आणि म्हणाले, "बेटा, तू अजून उभी आहेस?" तिला तोच प्रश्न त्यांना विचारायचा होता. एवढं सांगून ती माइकवरच रडली. मीही.

एक सल मात्र लिहायलाच हवी. टी-शर्ट न्यायला जी झुंबड उडते, ती पहाटे साडेचारला टेबलापाशी दिसत नाही. मेळाव्यातही काही मंडळी सरांचं बोलणं संपल्यावर, शेवउसळीच्या वेळेलाच येतात. मनोगत ऐकायचं राहतं, याचं मला त्यांच्यासाठीच वाईट वाटतं.

आता आभार. नावं छापू नका, असं सगळ्यांनीच बजावलंय, म्हणून नात्यानेच लिहिते. मीठ-साखर-लिंबाचं पाणी मोजून करणाऱ्या रावपुऱ्याच्या काकू आणि त्यांच्या दोघी सुना. केळी अर्धी कापून सालं एकूणएक गोळा करणारे, म्हणजे कुणाचा पाय घसरू नये म्हणून जपणारे बँकेतून निवृत्त झालेले दादा. टेबलं टेम्पोतून आणणारा भाचा. ढोल-ताशाची पोरं, यातला एक ताप असूनही आला होता. गोळ्या, स्प्रे घेऊन बसणाऱ्या डॉक्टरताई. शर्यत संपल्यावर रस्त्यावरचे पेले वेचणारी आठवीतली मुलं आणि त्यांना घेऊन येणाऱ्या बाई. शेवउसळीसाठी आदल्या रात्री वाटाणे भिजत घालणाऱ्या सगळ्या जणी. वही दोनदा तपासली.

तरीही एक जण राहिलाच होता. टेबलामागच्या सोसायटीचे वॉचमनकाका. भर थंडीत पहाटे चारला ते नळाला पाइप लावून पिंप भरून देतात. मागच्या मेळाव्यात त्यांना कुणी बोलावलंच नाही. घरी जाताना माझ्या लक्षात आलं आणि रात्रभर झोप लागली नाही. यंदा त्यांची ड्यूटी बदलून घ्यायला सोसायटीच्या सेक्रेटरींशी मीच बोलले आहे. त्यांना आणायला रिक्षा घेऊन मीच जाणार आहे.