पंतप्रधानपदाची वाट नगरपालिकेतून जाते

२०१९ च्या डिसेंबरात सन्ना मारिन ३४व्या वर्षी फिनलंडच्या पंतप्रधान झाल्या. आघाडीतल्या बाकी चारही पक्षांच्या अध्यक्ष बायकाच होत्या. त्यांचे फोटो तेव्हा आपल्याकडेही खूप फिरले. पण मारिनबाई वर आल्या त्या ताम्पेरे शहराच्या नगरपालिकेतून. २०१२ ला नगरसेविका, पुढच्या वर्षी सभागृहाच्या अध्यक्ष. ट्रामवरच्या लांबलेल्या चर्चेत नगरसेवकांना ठामपणे आवरणारा त्यांचा व्हिडिओ फिनलंडभर गाजला होता.

मी राहते फिनलंडमधल्या एस्पोला, राजधानी हेलसिंकीला लागूनच. इथली नागरिक नसूनही एप्रिल २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत मला मत देता आलं, कारण दोन वर्षं वास्तव्य असलं की परदेशी माणसालाही तो हक्क मिळतो. रस्त्याकडेला उमेदवारांचे चेहरे आणि नंबर लावलेले फलक असतात. घडीच्या मतपत्रिकेत एक गोल छापलेला असतो, त्यात आपण पेन्सिलीने पसंतीच्या उमेदवाराचा नंबर लिहायचा. मॉलबाहेर पक्षांचे मांडव होते, कॉफी मिळत होती. तिथे एक नर्सबाई उभ्या होत्या, स्वतःच उमेदवार. लहान मुलं असताना हे कसं जमतं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सभा संध्याकाळी असतात. दिवसा पाळणाघर आहे, संध्याकाळी नवरा." १९९६ पासून शाळेआधीच्या प्रत्येक मुलाला नगरपालिकेच्या पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. मला वाटतं, फिनलंडच्या राजकारणातल्या बायकांचं अर्धं बळ या पाळणाघरांत आहे.

उरलेलं अर्धं जुनं आहे. १९०६ ला इथल्या बायकांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा असे दोन्ही हक्क एकदमच मिळाले. १९०७ ला संसदेच्या २०० जागांपैकी १९ बायकांनी जिंकल्या. त्यांतल्या मीना सिलानपा घरकाम करून पोट भरलेल्या. १९२६ मध्ये सिलानपाच देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. २०२३ च्या निवडणुकीत ९२ बायका निवडून आल्या, आणि तेही संसदेत राखीव जागा नसताना.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४. पायाच नाही असं मात्र मुळीच नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. माझी मामी पाच वर्षं सरपंच होती. नळयोजनेसाठी तिने जिल्हा परिषदेत घातलेले हेलपाटे मी पाहिलेत. पुढच्या सोडतीत सरपंचपद खुलं झालं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. ताम्पेरेतली नगरसेविका पंतप्रधान होते, कारण तिचा पक्ष तिला पुढची उमेदवारी देतो. आपले पक्ष राखीव जागेपुरती बाई शोधतात आणि आरक्षण उठलं की तिकीट पुरुषाला देतात. विधानसभेची तिकिटं वाटताना पाच वर्षं गाव चालवलेल्या या बायकांची नावं यादीत का नसतात, हे प्रत्येक पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला तोंडावर विचारायला हवं.