मार्सेयची कढी, वेंगुर्ल्याच्या पडवीत

भाचा मालदीवला एका बेटावरच्या रिसॉर्टात फ्रेंच किचनमध्ये शेफ आहे, काल रजेवर आला आणि आज म्हणाला मावशी आज मी रांधतो. पहाटे दोघं बंदरावर गेलो, गोबरा, तांबोसा, खेकडे आणि टोपलीत उरलेली बारीक काटेरी मासळी, ती त्याने मुद्दाम मागून घेतली.

केलं काय तर बुयाबेस. हा फ्रान्समधल्या मार्सेय बंदराच्या कोळ्यांचा पदार्थ, बाजारात न खपलेले काटेरी मासे एका भांड्यात उकळायचे, त्यात टोमॅटो, लसूण, बडीशेप, केशर, संत्र्याची साल, ऑलिव्ह ऑइल. आई हे ऐकून चुलीजवळच बसली, म्हणाली "म्हणजे आमच्यासारख्याच मां ह्यां!"

आधी नुसता रस्सा वाढला, पावावर रुई लावून (लसूण, मिरची, केशराची चटणीच म्हणा), मासे नंतर वेगळ्या ताटात. तिकडे मालदीवला काचेच्या टेबलावर हेच खायला लोक कुठून कुठून येतात, आणि तिथे मासळी सोडली तर जवळपास सगळं बोटीने नाहीतर विमानाने आणावं लागतं, लिंबूसुद्धा. इथे परसातलं लिंबू तोडून आणलं तर पोरगा नुसता हातात धरून वास घेत उभा राहिला, मला तेव्हा भरून आलं खरंच.

रस्सा मात्र अप्रतिम होता, खोबरं नाही, कोकम नाही तरी समुद्राची चव पुरेपूर. उरलेला आईने झाकून ठेवलाय, सकाळी पेजेबरोबर घेणार म्हणते.