‘वाचेल ना?’ हा प्रश्न मी कधी सोडला

ताईच्या घशात नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं तेव्हा पहाटेचे सव्वातीन झाले होते. ती 44 वर्षांची. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्यातून सेप्सिस. म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीराचा तोल सुटतो आणि त्याचेच अवयव मार खायला लागतात. भावजी एकामागून एक संमतीपत्रांवर सह्या करत होते. तिसऱ्या सहीला त्यांचा हात इतका कापायला लागला की कागद मी धरून ठेवला.

पहिल्या दिवशी मी भेटेल त्याला एकच विचारत होते, ‘वाचेल ना?’ नर्सला विचारलं, रक्त न्यायला आलेल्या मुलाला विचारलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या, ताईशी काही संबंध नसलेल्या डॉक्टरांनाही विचारलं. उत्तर ठरलेलं होतं: ‘पुढचे 48 तास महत्त्वाचे आहेत.’ रात्री जिन्यात बसून मोबाइलवर शोधलं. सेप्टिक शॉक: बीपी टिकवायला औषधाचा पंप लागतो आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन पुरेनासा झाला की वाढणारा घटक) 2 च्या वर राहतं. ताईचं 4.1 होतं. अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त. दहातले चार जातात. म्हणजे दहातले सहा राहतात. त्या दहा माणसांत मी रात्रभर ताईला कधी इकडे बसवत होते, कधी तिकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांना मी तो आकडा सांगितला. त्यांनी तो खोडून काढला नाही. खुर्ची ओढून ते बसले (उभ्याने बोलणारे आणि बसून बोलणारे डॉक्टर यांत केवढा फरक असतो, हे मला तिथे कळलं) आणि म्हणाले, ‘आकडा बरोबर आहे. पण तो अशा शेकडो लोकांचा आहे. त्यांतल्या तुमच्या ताई कुठल्या, हे तो सांगू शकत नाही. तुम्ही रोज मला कालच्यापेक्षा आज काय, हे विचारा.’

मग त्यांनी सोफा स्कोअर समजावला. फुप्फुसं, रक्ताभिसरण, किडनी, लिव्हर, प्लेटलेट्स आणि मेंदू अशा सहा गोष्टी पाहायच्या. प्रत्येकीला 0 ते 4 गुण द्यायचे. गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट, सगळे मिळून जास्तीत जास्त 24. ताईचे पहिल्या दिवशी 10 होते. चार फुप्फुसाचे, तीन बीपीचे, उरलेले किडनी, प्लेटलेट्स आणि मेंदूचे एकेक. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की सुरुवातीचा स्कोअर काहीही असो, पहिल्या 48 तासांत तो वाढत गेला तर निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावले, आणि उतरला तर 27 टक्क्यांहून कमी. ‘48 तास महत्त्वाचे’ असं सगळे का म्हणतात, ते मला तेव्हा समजलं. तोवर मला ते माणसाला वाटेला लावायचं वाक्य वाटत होतं.

मी एक वही घेतली. दुसऱ्या दिवशी 11, कारण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक, चढलं. तिसऱ्या दिवशी 9. मी भावजींना फोन केला आणि नुसतं ‘नऊ’ एवढंच म्हणाले. ते फोनवरच रडायला लागले.

फुप्फुसाचं मात्र सोपं नव्हतं. रक्तातला ऑक्सिजन आणि दिला जाणारा ऑक्सिजन यांचं गुणोत्तर, ज्याला तिथे सगळे पीएफ म्हणतात, ते निरोगी माणसाचं 400 च्या वर असतं. ताईचं 96 होतं. मशीनच्या पडद्यावर एका श्वासाला जाणारी हवा 330 मिली दिसायची. मला ती फार कमी वाटायची, आणि एकदा मी नर्सशी त्यावरून भांडलेही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पूर्वी याच्या जवळजवळ दुप्पट हवा देत असत. 2000 साली एक मोठी चाचणी झाली. तीत उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे 12 मिली हवा दिलेल्या गटात सुमारे 40 टक्के रुग्ण गेले, 6 मिलीच्या गटात 31 टक्के. सुजलेलं फुप्फुस जोराने फुगवलं तर ते आणखी जखमी होतं. त्या नर्सची मी माफी मागितली. ‘अहो, रोज कुणीतरी विचारतंच,’ म्हणाली आणि सक्शनच्या नळीकडे वळली.

आयसीयूतल्या दुसऱ्या दिवसापासून ताईला पालथं झोपवायला लागले. दिवसातले 16 तास पालथं, मग सरळ, मग पुन्हा पालथं. वळवताना पाचजण लागायचे, एकजण फक्त डोकं आणि नळी सांभाळायला. 2013 साली फ्रान्स आणि स्पेनमधल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, फुप्फुसं फारच बिघडलेल्यांमध्ये, एवढ्याशा गोष्टीने 28 दिवसांतले मृत्यू 33 टक्क्यांवरून 16 वर आले होते. कुठलंही नवं औषध नाही, फक्त माणसाला पालथं घालायचं. पालथं झोपवल्यामुळे ताईचा चेहरा इतका सुजला की भावजींनी तिला दारातून ओळखलंच नाही. मी मात्र पीएफ पाहत होते. तिसऱ्या दिवशी 160.

शेजारच्या पाच नंबरच्या बेडवर एक काका होते. त्यांची मुलगी आणि मी बाहेरच्या बाकावर शेजारी बसायचो. माझ्यासारखी तिनेही वही केली होती. काकांचा पहिल्या दिवसाचा स्कोअर 6 होता, ताईपेक्षा बराच कमी. आठव्या रात्री ते गेले. ती बाहेर आली आणि वही माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली. ती मी अजून जपून ठेवली आहे. एका पानावर 6, 6, 5, 7 असे आकडे आहेत आणि पुढची पानं कोरी. त्या दिवशी मी ताईचा स्कोअर विचारला नाही.

नवव्या दिवशी ताईला पुन्हा ताप आला. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया. बीपीचा पंप दोनच दिवसांपूर्वी बंद झाला होता, तो परत लागला. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आतल्या खोलीत बोलावलं. हृदय थांबलं तर छाती दाबून, शॉक देऊन प्रयत्न करायचे का, हे त्यांनी विचारलं. भावजी लगेच म्हणाले, ‘सगळं करा.’ डॉक्टर थांबले. मग म्हणाले, ‘तुम्हाला काय हवं, हे मी विचारत नाहीये. त्या इथे बसून बोलू शकल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’

आम्ही बराच वेळ गप्प होतो. ताईने आमच्या आजोबांची शेवटची दोन वर्षं काढली होती, ते अंथरुणाला खिळलेले असताना. माझ्यावर अशी वेळ आली तर नको गं, असं ती मला एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली होती. ते मी त्या खोलीत बोलले. भावजी माझ्याकडे वळले. त्या नजरेला मी आजही घाबरते. डॉक्टर म्हणाले, आत्ता तिचा आजार परतवता येण्यासारखा आहे, म्हणून सगळं करू, आणि दर तीन दिवसांनी हाच प्रश्न पुन्हा घेऊन बसू. किडन्या कायमच्या गेल्या, मेंदूला मार लागला, तर बोलणं वेगळं होईल. ज्यांचं माणूस आयसीयूत आहे त्यांना मी हे कळकळीने सांगते: ही बैठक तुम्ही स्वतःहून मागा. ती मागितली म्हणजे आशा सोडली असं होत नाही. आणि डॉक्टरांना हेही विचारा की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. मला मिळालेली सगळ्यात खरी उत्तरं याच प्रश्नाला मिळाली.

चौदाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवली, झोपेची औषधं कमी केली. ताई जागी झाली ती वेगळीच. छतावर पाणी चढतंय, नर्स तिला विकणार आहेत, असं ओठांनी सांगायची. याला डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या पुष्कळ रुग्णांना होतो आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण तो झालेल्यांत नंतरचे मृत्यूही जास्त आढळले आहेत. आम्ही तिचा चष्मा आणला, भिंतीवर तारीख लिहिली, दिवसा पडदा उघडा ठेवला. सहा दिवसांनी तिने मला नावाने हाक मारली. आवाज नव्हता, पण ओठ माझ्याच नावाचे होते.

चोविसाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला, सत्ताविसाव्या दिवशी ती वॉर्डात आली. मला वाटलं, संपलं. पण जगभरातल्या दहा हजारांवर आयसीयू रुग्णांच्या एका पाहणीत आयसीयूत 16 टक्के लोक गेले होते आणि हॉस्पिटलमधून घरी जाईपर्यंत तोच आकडा 22 वर पोचला होता. आयसीयूचं दार ओलांडलं तरी वाट उरतेच. ताईचं वजन 11 किलोने उतरलं होतं. तिला कंगवा उचलता येत नव्हता. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी ती पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसली आणि घामाने भिजली.

आता चौदा महिने झाले. एक जिना चढते, मधे एकदा थांबते. नावं विसरते, रात्री दिवा लागतो. ती सत्तावीस दिवसांची वही मी तिला दिली आहे, कारण तिच्या आठवणीत त्या दिवसांच्या जागी फक्त चढणारं पाणी आणि विकणाऱ्या नर्स आहेत. ती रोज थोडं वाचते, काही ठिकाणी पेन्सिलीने खुणा करते. बाराव्या दिवसाचं पान तिने परवा वाचलं. मग भावजींना आत बोलावून दार लावून घेतलं.