तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर सढळ हाताने तपासायचे की कडक?

शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक पेपरांचा पहिला गठ्ठा हातात आला की मला हमखास हे विचारतात. मी कोपरखैरण्यात दहावीला विज्ञान शिकवते. माझं सांगणं असं, की सढळही नको आणि कडकही नको. गठ्ठ्यातल्या पहिल्या मुलाला ज्या उत्तराचे जेवढे मार्क दिले, तेवढेच शेवटच्यालाही मिळायला हवेत.

म्हणून लाल पेन उघडण्याआधी प्रश्नपत्रिका स्वतः सोडवा आणि कुठल्या पायरीला किती, ते शेजारी लिहा. बोर्डाच्या पेपरांना गुणदान योजना असते, परीक्षकावर नियामक असतो. शाळेच्या परीक्षेत बहुतेकदा दोन्ही तुम्हीच.

भिंगाचं गणित घ्या. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 20 सेमी, शक्ती काढा, 2 गुण. मुलगी सूत्र बरोबर लिहिते, सेंटीमीटरचे मीटर करायचे राहतात आणि उत्तर येतं 0.05 डायॉप्टर. हवं होतं 5. नवे शिक्षक इथे फुली मारून शून्य देतात, ते मला अजिबात पटत नाही. तिला सूत्र येतं, भागाकार येतो, एककही ठाऊक आहे. रूपांतराचा अर्धा गुण कापा, त्या जागी गोल करा आणि पुढे जा. एका चुकीची शिक्षा एकदाच. ‘बहिर्गोल’चा रफार चुकला तर नुसता दुरुस्त करा, पण ‘अंतर्गोल’ लिहिलं तर मार्क गेला, कारण ती विज्ञानाची चूक आहे.

एकेक पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासू नका. आधी सगळ्यांचा दुसरा प्रश्न, मग सगळ्यांचा तिसरा. योजना डोक्यात पक्की राहते. शिवाय हुशार मुलाच्या पेपरानंतर आलेला साधा पेपर उगाच फिका वाटतो, ते टळतं. नावाचं पान दुमडून ठेवा.

आणि 40 पैकी 13 आले, पासिंगला 14 हवेत, तेव्हा? पेपर पुन्हा वाचा, पुरवणीचं शेवटचं पानसुद्धा. मार्क सापडला तर द्या. नाही सापडला तर मन घट्ट करा. पूर्वपरीक्षेत नापास झालेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेपर्यंत शिकवता येतं, ढकलून पास केलेल्याकडे मग कुणी बघत नाही.

बोर्डाच्या निकालानंतर वाशीच्या विभागीय मंडळाकडे छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. शाळेच्या परीक्षेत मूल तुमच्याच टेबलाशी येणार. पेपर परत देताना पूर्ण तास राखा, गुणदान फळ्यावर लिहा, बेरीज चुकली असेल तर त्याच्यासमोर दुरुस्त करून सही करा.