अँबॅसडरचा शेवटचा 'आर'

निपाणीहून आलेल्या सरांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत मोटारीचं नाव होतं. डिकीवरचं, इंग्रजीत, एका अक्षराला दुसरं जोडत वळणदार लिहिलेलं 'अँबॅसडर'. गाडी १९६६ सालची, त्यांच्या वडिलांची. वडिलांची तंबाखूची वखार होती. आरसी बुकावर अजून म्हैसूर राज्याचा शिक्का आहे, हे त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं.

"ह्या अक्षरांवरनं बोट फिरवत मी एबीसीडी शिकलो, मिस्त्री. बाजारात नवीन मिळतंय म्हणतात. पण मला हेच पायजे."

बेळगावच्या उद्यमबागेत माझी बफिंगची, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चकचकीत करण्याची शेड आहे. रोजचा माल म्हणजे पितळी नळ, व्हॉल्व्हच्या बॉड्या, लग्नसराईत समया. जुन्या गाड्यांची नावं वर्षाकाठी चार-पाच येतात आणि मला तेच काम सगळ्यात आवडतं. पैसे त्यात फार नाहीत.

नाव हातात घेतलं तेव्हाच कळलं की हे अवघड आहे. धातू मझाक, म्हणजे जस्ताचं डायकास्टिंग, साच्यात दाबून ओतलेलं. वरचा क्रोम जागोजागी फुगलेला. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. त्याच्या बारीक भोकांतून, खालच्या निकेलमधून ओल आत उतरते, जस्त पांढरं होऊन फुगतं आणि वरचा थर उचलून धरतं. मधल्या दोन 'एस'वर तर खड्डेच पडले होते. त्यात मध्ये कधीतरी कुणीतरी चंदेरी रंग फासला होता.

असा माल आला की बरेच जण खड्डे जातील इतकं घासतात. चकाकी येते, पण अक्षराच्या धारा गोल होतात, बारीक रेघा आणखी बारीक होतात, आणि साच्यात ज्याने ते अक्षर कोरलं त्याचा हात पुसला जातो. मला ते बघवत नाही. ही नजर मला शहापुरात सराफ गल्लीतल्या एका कारागिराजवळ चांदीवर काम करताना मिळाली. त्यांचीच एक सवय मी उचलली आहे. काम हातात घेण्याआधी कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि छाप काढून ठेवायची. सरांच्या समोरच मी तो छाप काढला.

शेजारच्या शेडमधल्या प्लेटिंगवाल्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या मामांनी जुना क्रोम कॉस्टिकमध्ये उलटा करंट देऊन उतरवला, मग खालचं निकेलही उतरवलं. जस्ताला आम्ल आणि कॉस्टिक दोन्ही खातात, म्हणून ते टाकीपाशी उभे राहून मिनिटं मोजत होते. खड्ड्यांतली पांढरी भुकटी मी दाताचे डॉक्टर दात कोरायला वापरतात त्या बारीक बरने एकेक करून काढली. दोन दिवस त्यातच गेले.

गुरुवारी दुपारी मामांची तांब्याची टाकी चालू होणार होती. सकाळी करंट गेला आणि अकराला आला. त्या आधी नाव हलकं बफ करून द्यायचं होतं. असलं नाजूक काम मी लाकडी ठोकळ्यावर बसवून करतो. मागच्या पिना ठोकळ्याच्या भोकांत गेल्या की माल वाकत नाही. सगळं नाव तसंच झालं. राहिली फक्त शेवटच्या 'आर'ची शेपटी, तिची आतली कड. ठोकळ्यामुळे तिथं चाक पोचत नव्हतं. मी नाव ठोकळ्यावरून काढलं आणि हातात धरलं.

ते करायला नको होतं. आठ इंची चाक मिनिटाला २८०० फेरे मारतं, म्हणजे त्याची कड सेकंदाला जवळजवळ ३० मीटर पळते. माल मधल्या रेषेच्या खाली धरायचा आणि धार कधी चाकाच्या तोंडाला द्यायची नाही, हे मी पोरांना रोज सांगतो. माझं मनगट जरासं वळलं असेल. चाकाने नाव हातातून ओढलं, पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला. उचलून बघितलं तर 'आर' अर्धा.

हाताखालचा पोरगा धावत लोहचुंबक घेऊन आला. मी त्याला थांबवलं, जस्त चुंबकाला चिकटत नाही. मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो, बफचा काळा कापूस मूठमूठ उचलून बोटांनी चाचपत. आवाज ऐकून मामा दारात आले. "एनाय्तु?" म्हणाले, काय झालं म्हणून, आणि उत्तराची वाट न बघता तेही खाली बसले. पाऊण तासाने चाकाच्या मोटरीच्या मागे तुकडा सापडला. नखाएवढा, एका बाजूने चाकाने खाल्लेला.

सरांना सांगावं की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. कसं सांगावं, हा पडला. संध्याकाळी फोन केला आणि सरळ सांगितलं, माझ्या हातून तुटलं. थोडा वेळ पलीकडून काहीच नाही.

"तुकडा सापडला न्हवं?"

"सापडला, सर."

"मग जोडा. गडबड नको."

मझाकला ज्योत लावता येत नाही. ३८० अंशांच्या पुढे ते वितळायला लागतं, लाल न होता, आधी काही न सांगता. बघता बघता थेंब होतो. नुसत्या जस्तावर कथिलाचा डागही, म्हणजे कथील वितळवून दिलेला जोडही, धड बसत नाही. म्हणून नाव आणि तुकडा दोन्हींवर मामांनी आधी सायनाइडच्या टाकीत तांब्याचा पातळ थर चढवला. साधी तांब्याची टाकी आम्लाची असते, ती जस्ताला खाते. तांबं चढलं की कथील धरतं, आणि कथील-शिशाचा डाग १८३ अंशांवर वाहतो, म्हणजे जस्ताला धोका नाही. मागून अर्ध्या मिलिमीटरची पितळी पट्टी देऊन मी शेपटी जोडली. 'एस'वरचे खड्डे त्याच डागाने भरले. चाकाने खाल्लेली कडही डागाने वाढवली आणि कानशीने उतरवत आणली, दर चार-सहा घावांनी पेन्सिलीच्या छापावर ठेवून बघत. तो कागद नसता तर मी माझ्या मनाचा 'आर' केला असता.

वर पुन्हा जाड तांबं, मग बफ, पण कडा हातानेच, कापडाच्या पट्टीला लस्टर, म्हणजे पॉलिशचा मसाला, लावून. मग निकेल, शेवटी क्रोम. नाव टाकीतून निघालं तेव्हा मामांनी ते उन्हात धरलं आणि काही बोलले नाहीत. एरवी ते प्रत्येक मालात काहीतरी खोट काढतात.

पुढच्या आठवड्यात सर आले. मी कुठं जोडलंय ते दाखवायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "थांबा." चष्मा काढला, डोळे मिटले आणि पहिल्या 'ए'पासून बोट फिरवायला सुरुवात केली. दोन्ही 'एस' ओलांडले. 'आर'च्या शेपटीवर बोट थांबलं.

"हितं होय?"

"होय, सर. जरा जाड झालंय."

त्यांनी बोट पुढं नेऊन टोकापर्यंत फिरवलं, परत एकदा मागं आणलं. मग पैसे दिले आणि पेन्सिलीचा छाप मागितला. कागद मळला होता, त्यावर लस्टरचे डाग होते, मी दुसरा स्वच्छ काढून देतो म्हटलं. ते नको म्हणाले. पिशवीतून आरसी बुक काढलं, कागदाची घडी घातली आणि म्हैसूरच्या शिक्क्याच्या पानात ठेवली.