आमची वाटचाल : पावतीआधीची वीस मिनिटे

दापोलीत २००९ साली आम्ही सुरुवात केली तेव्हा आमचे दुकान नव्हतेच. पाण्याचे पंप, फवारणी यंत्रे आणि पॉवर टिलर यांच्या दुरुस्तीची दहा बाय बाराची एक खोली होती. बेणणीला, म्हणजे बागेतले गवत-झुडपे काढायला, गडी मिळेनासे झाले, तसे आंबा-काजूचे बागायतदार ब्रश कटरकडे वळले, ज्याला आमच्याकडे सर्रास ग्रासकटर म्हणतात, आणि २०११ पासून आम्ही त्याची विक्री करू लागलो. यंत्र खोक्यातून काढायचे, दोरी ओढून चालू करून दाखवायचे आणि पावती फाडायची, एवढेच तेव्हा आमचे काम होते. पेट्रोल कसे भरावे हे कोणाला सांगावे लागेल, असे मनातही आले नव्हते.

२०१२ च्या ऑक्टोबरात एका बागेत प्रात्यक्षिक देताना पेट्रोल संपले. यंत्र तासभर चाललेले होते. लोक उन्हात उभे होते, म्हणून घाईने मी टाकीचे झाकण उघडले आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून पेट्रोल ओतू लागलो. टाकीखालीच असलेल्या तापलेल्या सायलेन्सरवर ओघळ गेला आणि भडका उडाला. भर उन्हात ज्वाला नीट दिसलीच नाही, डाव्या मनगटाला चटका बसला तेव्हा कळले. बागेच्या मालकांनी पाणी न मारता माती टाकली, हे आमचे नशीब. पाण्याने पेट्रोल पसरून आग गवतात गेली असती.

त्यानंतर आम्ही विक्रीची पद्धतच बदलली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. आमच्या कोकणातल्या उकाड्यात तर ती झाकण उघडताक्षणी बाहेर पडते. म्हणून इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्यावे, झाकण हळूहळू सैल करून आतला दाब जाऊ द्यावा, नरसाळ्याने भरताना टाकीच्या तोंडाशी थोडी जागा सोडावी, सांडलेले पुसून वाळू द्यावे आणि भरल्या जागेपासून तीन मीटर तरी दूर जाऊन मगच दोरी ओढावी, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाकडून त्याच्याच हाताने करून घेऊ लागलो. त्याला वीसेक मिनिटे लागतात. "अहो, पेट्रोल भरायला काय शिकायचंय?" असे म्हणून पहिल्या वर्षी काही जण दुसरीकडे गेले, त्यांचा राग मानण्यात अर्थ नव्हता.

यंत्राबरोबर पाच लिटरचा धातूचा कॅन आणि मापाचा पेला देणेही तेव्हापासून सुरू झाले. पंपावर कॅन गाडीवर ठेवून भरून घेऊ नये, जमिनीवर ठेवावा, कारण स्थिर विजेची एक ठिणगीही पुरते. पेल्याचे कारण निराळे आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. पन्नासास एक प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, पंचविसास एक असेल तर ४० मिलिलिटर. "अंदाजाने घातलं" म्हणणाऱ्यांची जाम झालेली इंजिने आम्ही आजही उघडतो आणि सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनवर उठलेले उभे ओरखडे त्यांना बोट लावून पाहायला सांगतो. तयार मिश्रण दुकानात विकायला ठेवा, असा आग्रह अनेकदा झाला. परंतु परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगण्याची कायद्यातली मुभा विक्रीसाठी नाही, त्यामुळे त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. झाडे आडवी झाली, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती आणि आम्ही आठवड्याभरात वर्षभराइतके चेनसॉ व जनरेटर विकले. त्या गर्दीत आमची वीस मिनिटे दोनावर आली, हे मान्य करायला हवे. जवळच्याच एका गावात आमच्याकडून नेलेला जनरेटर पावसामुळे पडवीत, खिडकीखाली चालवला गेला. घरातल्या दोघांना डोकेदुखी व उलट्या झाल्या आणि वेळीच बाहेर आणल्याने ते वाचले. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, त्यामुळे तो कोंडल्याचे कोणाला जाणवत नाही. त्या दिवसापासून "घराबाहेर, उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर" ही चिठ्ठी आम्ही प्रत्येक जनरेटरच्या स्विचवर चिकटवतो, कितीही गर्दी असली तरी.

अलीकडची डोकेदुखी इथेनॉलची आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांचीच मर्यादा छापलेली आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुन्या नळ्या व कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) पडदा त्याने खराब होतो, आणि चिरलेली नळी थेट गरम इंजिनावर ठिबकते. त्यामुळे महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, असे आम्ही सांगतो. नळी बदलण्याचे पैसे आम्ही घेतो, तपासण्याचे घेत नाही.

बॅटरीवरची यंत्रेही आता दुकानात आहेत आणि अंगणापुरती ती उत्तम आहेत, पण सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, बागेत जिथे चार्जिंगची सोय नाही तिथे माणसे अजून पेट्रोलच नेतात. यंदाच्या बेणणीसाठी चाळीस कॅन मागवले आहेत.